घड्याळ ईशान्येचंही असावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बँकेच्या नोकरीतली माझी तीन वर्षं आसामातल्या दिब्रुगडला गेली. डिसेंबरात तिथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसाचा हिशेब जुळवायला बसावं, तर बाहेर काळोख. त्याच वेळी डोंबिवलीला फोन लावला की आई म्हणायची, "गच्चीवर अजून ऊन आहे, कपडे काढायला जायचंय." जूनमध्ये पहाटे सव्वाचारला सूर्य वर यायचा आणि शाखा उघडायची दहाला. दिवसाचा सगळ्यात चांगला भाग रोज वाया जायचा.

चहामळ्यांनी यावर केव्हाच तोड काढली आहे. तिथे 'बागान टाइम' चालतो, भारतीय प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. मळ्यातलं कुणी "नऊला येतो" म्हणालं की आम्ही विचारायचो, "बागानचे नऊ की बाहेरचे?"

पूर्व-पश्चिम सुमारे २९ रेखांश पसरलेला आपला देश मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर घड्याळ लावतो. दोन टोकांच्या सूर्योदयात जवळपास दोन तासांचं अंतर आहे. तरी ईशान्येने वेगळी वेळ मागितली की लगेच एकात्मतेचा प्रश्न काढला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. १ जानेवारी १९०६ला प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईनेही ती मनापासून स्वीकारली नव्हती. ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई वेळ' महापालिकेने पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवली होती. अगदी स्वातंत्र्यानंतरही! त्याने मुंबई देशापासून तुटली नाही.

राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८मध्ये दोन वेळांचा प्रस्ताव मांडला. सीमारेषा आसाम-बंगालच्या हद्दीवर, त्यामुळे रेल्वेला घड्याळ बदलावं लागेल ते फक्त न्यू कूचबिहार आणि अलीपुरद्वार या दोन स्थानकांवर. दोन वेळांच्या घोळात रेल्वे अपघात होतील, ही भीती मला खोटी वाटत नाही. पण इतक्या चिंचोळ्या पट्ट्यात तिचा बंदोबस्त करता येईल. नुसत्या कचेऱ्या तासभर लवकर उघडून भागणार नाही, कारण बँका, परीक्षा, गाड्या सगळं दिल्लीच्याच घड्याळावर राहील.

हा विषय पुन्हा लोकसभेत येईल तेव्हा महाराष्ट्राच्या खासदारांनी ईशान्येच्या खासदारांच्या पाठीशी उभं राहावं, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली