आरोग्य शिबिरांत वजनाबरोबर वयही पाहा

महोदय,

मुंबईतील सोसायट्यांत आणि कचेऱ्यांत भरणाऱ्या मोफत आरोग्य शिबिरांत वजन-उंची घेऊन बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हा आकडा) काढतात आणि पंचविशीच्या तरुणापासून पंचाहत्तरीच्या आजोबांपर्यंत बहुतेकांच्या कागदावर ‘वजन कमी करा’ एवढेच लिहितात. लठ्ठपणाचा धोका मात्र वयाच्या प्रत्येक टप्प्यावर निराळ्या कारणाने वाढतो. हा एकछापी सल्ला तरुणांना फारसा लागत नाही आणि वृद्धांना कधी कधी बाधतो.

‘चाळिशी आली, अंग सुटणारच’ हे आपल्याकडे ठरून गेले आहे. दोष चयापचयाला दिला जातो. पण २०२१ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या, २९ देशांतील सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात शरीराचे आकारमान जमेस धरल्यावर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर आढळला. तो साठीनंतर वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने घटतो. त्याच वर्षी इंग्लंडमधील वीस लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वरच्या वजनगटात सरकण्याची शक्यता सर्वाधिक निघाली ती १८ ते २४ या वयात. कॉलेज संपते, खेळ सुटतो, दिवस खुर्चीत आणि लोकलमध्ये जातो, जेवायला रात्रीचे साडेदहा वाजतात. दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहावे म्हणते. चाळिशीत दिसणारे पोट बहुधा असे पंधरा वर्षे साठत आलेले असते, म्हणून पहिली तपासणी नोकरी लागतानाच हवी.

मधल्या वयात काटा फसवतो. तिशीनंतर, व्यायाम नसेल तर, स्नायू हळूहळू घटतात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजन तेवढेच राहते. रजोनिवृत्तीच्या आसपास स्त्रियांची चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटाकडे साठू लागते. इथे मोजपट्टीच खरे सांगते. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वरचा कमरेचा घेर धोक्याचा. पट्टी शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, जमिनीला समांतर धरावी. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा, पोट आत ओढू नये. बेंबीची खूण धरू नये, सुटलेल्या पोटात ती खाली उतरते. पँटच्या नंबरवर तर मुळीच जाऊ नये. पट्टा पोटाखाली बांधला की नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो! उपाय म्हणून नुसते चालणे अपुरे आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासोबत दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा.

साठीनंतर हिशेब उलटतो. मणके दबून उंची घटते. १६५ सेंटिमीटर उंचीच्या ६५ किलो माणसाचा बीएमआय २३.९ येतो, उंची १६१ झाली की त्याच वजनाला २५.१. आपल्याकडे २५ ही लठ्ठपणाची रेघ, म्हणजे एक ग्रॅमही न वाढता तो लठ्ठ ठरला. अशा माणसाने भीतीपोटी रात्रीचे जेवण सोडून चहा-बिस्किटावर भागवले तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. या वयात वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात (मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच). ६० किलोच्या व्यक्तीला ही गरज किमान ६० ग्रॅम. एक वाटी शिजलेल्या वरणातून जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात, तेव्हा उसळ, दही, पनीर, अंडी किंवा मासे दोन्ही जेवणांत हवेत.

शिबिर भरवणाऱ्यांनी काट्याशेजारी एक मोजपट्टी आणि हात नसलेली एक खुर्ची ठेवावी. हाताची घडी घालून पाच वेळा उठ-बस करायला १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाली आहे. त्या व्यक्तीला वजन उतरवायला सांगण्याआधी ताकदीचा व्यायाम सांगावा. आणि एखाद्या ज्येष्ठाचे वजन सहा महिन्यांत काही न करता ५ टक्क्यांनी उतरले असेल, तर अभिनंदन न करता त्यांना थेट डॉक्टरांकडे पाठवावे.

– एक आहारतज्ज्ञ, बोरिवली