नोंदवहीतली बारा मिनिटे

सातारा,
ता. ७ डिसेंबर

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तुला रडू आवरले नाही आणि मलाही नीट उत्तर देता आले नाही. ‘बाबा, आजपासून अजिंक्यतारा गडावर जाणे बंद,’ असे तू म्हणालीस, त्यावर मी नुसते ‘बघू’ म्हटले आणि फोन तुझ्या आईच्या हाती दिला. तुझ्यासारख्या समंजस मुलीची अशी बोळवण करणे बरे नव्हे, म्हणून आज सवड काढून सविस्तर लिहायला बसलो आहे. आईकडून तुला जे कळले ते खरेच आहे, परंतु ती त्या दिवशी तिथे नव्हती, आणि जे मला सांगायचे आहे ते मी अद्याप तिलाही सांगितलेले नाही.

१८ नोव्हेंबरच्या पहाटे नेहमीप्रमाणे साडेपाचला आम्ही सहाजण अदालतवाड्यापाशी जमलो. आम्ही कोण ते तुला ठाऊक आहेच : अपशिंग्याचे सुभेदार, गुरुजी, पोस्टमास्तर, सिस्टर, अण्णा आणि मी. लहानपणी तू अण्णांना ‘टिंगटिंगकाका’ म्हणायचीस. एस.टी.तून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षे झाली, तरी निघताना सगळ्यांकडे बोट फिरवून ‘सहा सीट’ असे मोजायचे आणि तोंडाने डबल बेल द्यायची, हा त्यांचा नेम कधी चुकला नाही. ती बेल झाल्याशिवाय सुभेदारसुद्धा पाऊल उचलत नसत. त्या दिवशी अण्णांनी सीट मोजल्या, पण बेल दिली नाही. आम्ही तसेच निघालो.

डांबरी रस्त्याच्या वरच्या वळणावर अण्णा कठड्याला टेकले. थंडी इतकी होती की आमच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि त्यांच्या कपाळावरून मात्र घामाच्या धारा लागल्या होत्या. ‘रात्री भजी खाल्ली, पित्त झालंय, तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागनं,’ असे ते म्हणाले. पोस्टमास्तरांनी त्यांना खडीसाखर देण्यासाठी पिशवीत हात घातला, तेवढ्यात सिस्टर मागे फिरल्या. त्यांनी अण्णांना दोनच प्रश्न विचारले : छातीवर वजन ठेवल्यासारखे वाटते का, आणि जबड्यात किंवा डाव्या हातात काही होते का. अण्णांनी मान हलवली. सिस्टरांनी त्यांना जागच्या जागी खाली बसवले, पाठ कठड्याला टेकवून गुडघे मुडपायला लावले, स्वेटरची गुंडी सोडली आणि आपल्या बटव्यातली ॲस्पिरिनची गोळी चावून खायला दिली. अण्णांना उठून खाली चालत जायचे होते. सिस्टरांनी त्यांना एक पाऊलही टाकू दिले नाही. मी १०८ ला फोन लावला. रस्ता दरवाजाच्या जवळपर्यंत जातो म्हणून रुग्णवाहिका थेट आमच्यापाशी पोचू शकली, आणि वळण चुकू नये म्हणून सुभेदार टॉर्च घेऊन खालच्या फाट्यावर जाऊन उभे राहिले होते. सकाळी नऊच्या आत अण्णांच्या हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून तिच्यात स्टेंट बसवला गेला. चौथ्या दिवशी ते घरी आले.

तुझे म्हणणे असे की, या वयात चढ चढल्यामुळेच त्यांना झटका आला. डॉक्टरांना मी हेच विचारले. त्यांनी सांगितले की, रक्तवाहिनीतला अडथळा वर्षानुवर्षे साठत आलेला होता, आणि झटका घरी अंथरुणातही आला असता. अण्णांचे घर तुला माहीत आहे; वहिनींना जाऊन चार वर्षे झाली, मुलगा सुरतेला असतो. अंथरुणात आला असता तर पित्त समजून ते पडून राहिले असते आणि दूधवाल्याने दार वाजवेपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता.

परंतु एवढ्यावर मी सुटत नाही, आणि पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

माझ्या नोंदवहीची तू नेहमी थट्टा करतेस. रोज कोण आले, किती वाजता निघालो, दरवाजाशी कोण किती मिनिटांत पोचले, हे मी गेली सात वर्षे लिहीत आलो आहे. सवय नोकरीतली. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत पाझर मोजण्यासाठी कोन असलेली खाच ठेवलेली असते, तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याची उंची रोज ठरल्या वेळी बघायची आणि वहीत उतरवायची, हे काम मी कोयनेला असताना कितीतरी वर्षे केले. धरण थोडेफार पाझरतच असते, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. तलावाची पातळी तेवढीच असताना आकडा वाढू लागला की मात्र त्याच दिवशी वरिष्ठांना कळवायचे, हा नियम. नव्या पोरांना मी सांगत असे की, आकडा नुसता लिहू नका, कालच्या आकड्याशेजारी ठेवून वाचा.

अण्णा रुग्णालयात असताना रात्री मी वही उघडली. दिवाळीपूर्वी त्यांना दरवाजापर्यंत चाळीस-एकेचाळीस मिनिटे लागत होती. १० नोव्हेंबरला त्रेचाळीस, मग पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस, आणि १७ तारखेला बावन्न. बारा मिनिटे वाढली होती, ताई, आणि ती वाढ माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईने, एकाखाली एक लिहिलेली होती. मी रोज लिहीत गेलो आणि एकदाही वाचली नाही. मंगळाईच्या बुरुजापाशी बसले म्हणजे गुरुजी मोगलांच्या वेढ्याची हकीकत सांगतात : डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० असा औरंगजेबाच्या फौजेने गडाला घातलेला वेढा, किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी चालवलेली झुंज, तटाखाली उडवलेले सुरुंग, आणि दुसऱ्या सुरुंगाने तट बाहेरच्या बाजूला कोसळून मोगलांचेच शेकडो सैनिक त्याखाली गाडले गेले तो प्रसंग. हे आम्ही शंभरदा ऐकले असेल, तरी पहिल्या सुरुंगाच्या ढिगाऱ्यातून प्रयागजी जिवंत निघाले असे गुरुजींनी म्हटले की ‘मग निघाले कसे?’ असे अण्णा दर वेळी विचारतात आणि गुरुजी दर वेळी नव्या उत्साहाने सांगतात. त्या आठवड्यात अण्णांनी ते विचारले नव्हते. ते उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवून जरंड्याच्या डोंगराकडे बघत बसत. मला ते दिसले होते. अण्णांना वहिनींची आठवण येत असेल, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि विचारले नाही.

हे मी अण्णांना सांगितले. ते म्हणाले, ‘साहेब, तुम्ही विचारलं असतंत तरी मी पित्तच म्हणालो असतो.’ त्यांचा मोठेपणा. पण मी विचारायला हवे होते, आणि विचारून सिस्टरांच्या कानावर घालायला हवे होते.

त्यानंतर आम्ही आठवडाभर गडावर गेलो नाही. रविवारी गुरुजींच्या ओसरीवर सगळे जमलो तेव्हा पोस्टमास्तरांनी तुझ्यासारखाच विचार मांडला की आता चढ पुरे, चार भिंतींच्या स्मारकापर्यंत जावे आणि परतावे. बराच वेळ बोलणे झाले. शेवटी असे ठरले की, प्रत्येकाने आपली तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ज्याने त्याने वागावे. पोस्टमास्तरांना आणि गुरुजींना तूर्त सपाटीवर चालण्यास सांगितले आहे. माझी ट्रेडमिल टेस्ट आणि इको दोन्ही झाल्या, निकाल चांगला आहे, रक्तदाब १३८/८४ भरला. कागदांचे फोटो मी तुला पाठवीत आहे, ते तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांना जरूर दाखव. चालताना बोलता येईल इतपतच वेग ठेवा, वाक्य तोडून श्वास घ्यावा लागला की थांबा, असे मला सांगण्यात आले आहे, आणि ते मी पाळतो.

त्याच दिवशी सिस्टरांनी आम्हाला बंद पडलेल्या हृदयावर दाब कसा द्यायचा ते शिकवले. गुरुजींच्या घरातला कापसाचा तक्क्या जमिनीवर ठेवून आम्ही एकेकाने गुडघे टेकले. तळहाताची टाच छातीच्या मधल्या हाडावर, दुसरा हात त्यावर, कोपरे ताठ, पाच सेंटिमीटर दाबायचे आणि पूर्ण सोडायचे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. सुभेदार कवायतीच्या आवाजात मोजत होते. दोन मिनिटांत माझे हात भरून आले. एकट्याने फार वेळ हे होत नाही, म्हणून आळीपाळीने करायचे असते, हे त्यातून कळले. तुझ्या आईलाही मी हे शिकवले आहे, आणि तू व जावईबापूंनीही शिकून घ्यावे अशी माझी इच्छा आहे.

आता चालण्याची रीत बदलली आहे. पूर्वी ज्याचे पाय चालतील तो पुढे जाई आणि वर सगळे भेटत असू. आता सर्वांत सावकाश चालणाऱ्याने पुढे राहायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे. सुभेदारांनी मला सर्वांत शेवटी नेमले आहे, कारण मागून सगळ्यांची चाल दिसते. उजाडल्याशिवाय निघायचे नाही, पावसाळ्यात शेवाळ धरले की वरच्या पायऱ्यांकडे जायचे नाही, एकट्याने मुळीच जायचे नाही. उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो म्हणून माझ्या हातात काठी असते. तू आणून दिलेली घडीची काठी इतके दिवस कोनाड्यात होती, ती आता वापरात आली. नोंदवहीत मी एक रकाना वाढवला आहे. त्याला मथळा दिला आहे ‘काल’. आजची मिनिटे लिहिण्याआधी कालची त्या रकान्यात उतरवायची, म्हणजे वाचल्यावाचून लिहिताच येत नाही.

तू पुण्याला कायमचे या म्हणतेस. तुमच्या सोसायटीतली बाग चांगली आहे, तिथे फरशीचा सपाट रस्ता आहे, बाकडी आहेत, हे मी पाहिले आहे आणि तुझी माया मला कळते. परंतु त्या बागेत मी पंधरा दिवस फिरलो तेव्हा माझ्या बरोबरीची पुष्कळ माणसे मला भेटली, सगळ्यांनी हसून नमस्कार केला, आणि मी कालच्यापेक्षा हळू चालतो आहे की नाही हे त्यांतल्या एकालाही सांगता आले नसते. त्यात त्यांचा काही दोष नाही. नोकरीत असताना आपण एक दिवस उशिरा गेलो तरी कोणीतरी विचारतो. निवृत्त झाल्यावर ते विचारणे थांबते, आणि थांबले आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. माझा आवाज बसला आहे, हे गेल्या वर्षी प्रथम पोस्टमास्तरांनी ओळखले, तुझ्या आईच्याही आधी. इथे मला असे बघणारी माणसे आहेत आणि मलाही त्यांच्याकडे बघायचे आहे. नोव्हेंबरात जे काम माझ्या हातून राहिले ते टाकून लगेच निघून येणे मला जमणार नाही. जानेवारीत आम्ही दोघे पंधरा दिवस येऊ, पुढचे पुढे बोलू. आणि माझ्या तपासणीत पुढेमागे काही निघाले तर चढ त्याच दिवशी सोडीन, हा माझा शब्द.

अण्णांना सध्या सपाटीवर चालायची परवानगी आहे. पहिले काही दिवस पाच मिनिटे, आता दहा. संध्याकाळी साडेपाचला आम्ही पाचहीजण त्यांच्या दारी जातो. गल्लीच्या टोकाला पिंपळ आहे, तिथपर्यंत जाऊन परत यायचे. सिस्टर नाडी बघतात, मी मागून चालतो. पहिल्या दिवशी अण्णा आमच्याकडे न बघता पायाखाली बघत चालले होते. काल दाराची कडी लावून झाल्यावर ते उंबऱ्याबाहेर थांबले, बोट फिरवून त्यांनी सहा सीट मोजल्या आणि बेल दिली. आवाज अगदी बारीक आला, पण दोनदा आला. पिंपळापर्यंत चार मिनिटे चाळीस सेकंद. परवा पाच मिनिटे दहा सेकंद होती.

पुढच्या शनिवारी तू येणार आहेस असे आई म्हणाली. येताना तिच्यासाठी गुडघ्याला बांधायचा पट्टा आण, इथे मिळाला तो सैल होतो. तिच्या मांडीचे माप तिने मोबाइलवर पाठवले आहे. दुपारची गाडी धरलीस तर साडेपाचच्या आत पोचशील. अण्णा तुझी आठवण काढत होते.

जावईबापूंस आशीर्वाद, नातवास गोड पापा. कळावे.

तुझे,
बाबा