तेस्तूरचं घड्याळ मागे जात नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत ट्युनिशियातल्या तेस्तूरच्या मोठ्या मशिदीवर लेख आला. मिनारावरचं घड्याळ ‘वेळ मागे नेतं’ असं त्यात म्हटलंय. तसं नाही. काटे डावीकडे फिरतात, पण आकडेही बाराच्या डावीकडे एक, मग दोन असेच मांडलेत. वेळ बरोबरच दिसते.

राजा तिसऱ्या फिलिपने १६०९ ते १६१४ दरम्यान स्पेनमधून हाकललेल्या मोरिस्कोंपैकी (बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांपैकी) काहीजण इथे मेजेर्दा नदीकाठी वसले. सतराव्या शतकातली ही मशीद त्यांचीच. मिनार खाली चौकोनी, वर अष्टकोनी, छपरावर कौलं. उलट्या काट्यांमागे कुणी अरबी लिपीची दिशा सांगतं, कुणी काबाभोवतीची डावीकडून घातली जाणारी प्रदक्षिणा (तवाफ), कुणी सुटलेल्या अंदालुसियाची, म्हणजे स्पेनमधल्या जुन्या मुलखाची ओढ. शेवटचं कारण ऐकायला गोड, पण आम्हाला पहिली दोन पटतात. बरीच वर्षं बंद असलेलं हे घड्याळ २०१४ मध्ये पुन्हा चालू झालं.

असं घड्याळ करायला अख्खं मशीन उलटं घडवावं लागत नाही. मनोऱ्याच्या घड्याळात यंत्र आत असतं आणि उभ्या दांड्यावरून बेव्हल गिअरने (काटकोनात फिरवणाऱ्या तिरप्या दातांच्या चाकांनी) फेरा काट्यांच्या आडव्या शाफ्टला मिळतो. शाफ्टवरचं चाक दांड्याच्या पलीकडच्या बाजूला बसवलं की मिनिटकाटा उलटा. समोरासमोरच्या दोन डायलना एकच सरळ शाफ्ट जोडला, तर त्यातलं एक घड्याळ आपोआप उलटं चालतं. नवखे फिटर इथेच फसतात. तासकाट्याला वेगळं काही करायचं नाही. मिनिटकाट्याच्या शाफ्टवरचं १५ दातांचं चाक ४५ च्या चाकाला फिरवतं, त्याच्याच आसावरचं १२ चं पुढे तासकाट्याच्या ४८ च्या चाकाला. तीन गुणिले चार, म्हणजे बारास एक. दिशा दोनदा बदलते, म्हणून तासकाटा मिनिटकाट्यामागेच जातो.

लेख वाचून शाळेच्या प्रदर्शनासाठी असं घड्याळ करून द्याल का, अशी ठाण्यात विचारणा होतेय. साधं क्वार्ट्झ मशीन चालेल. मात्र सेल उलटा घालून काटे उलटे फिरत नाहीत, सर्किट मात्र जळू शकतं. मशीन उघडून मोटरची स्टेटर (न फिरणारी) पत्री तेवढी पालथी घालायची, कॉइलची तार न तोडता. गडचिरोलीकडे दिसणारी गोंड आदिवासींची गोंडवाना घड्याळंही उलटीच चालतात. तसं तयार मशीन मिळालं तर हा खटाटोप वाचेल. आणि डायल छापताना फ्लेक्सवाल्याला ‘मिरर’ सांगू नका, आकडेच आरशातले येतात. आकडे सरळ, फक्त क्रम उलटा.

आपले,
मनोऱ्यांची घड्याळं दुरुस्त करणारे काही कारागीर, नौपाडा, ठाणे