११११ चा भाव

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वाहनांच्या पसंतीच्या क्रमांकांबद्दल आपल्या अंकात वाचलं. आपल्या सोलापूरच्या एमएच १३ वाल्यांनाही ११११ चं भारी वेड. पण अंकज्योतिषाने बघाल तर त्याची बेरीज ४, म्हणजे राहू! जादा पैसे भरून राहू दारात आणायचा, याला काय म्हणावं?

चाटी गल्लीतल्या कापडाच्या पेढीवर खतावण्या लिहिण्यात माझी नोकरी गेली. आकडा समोर आला की तो फुटतो का, हे मी आधी बघतो. ११११ लगेच फुटतो: ११ गुणिले १०१. सम वेळा १ लिहिला की ११ ने भाग जाणारच. ९ किंवा १५ वेळा लिहिला की १११ ने जातो. म्हणजे न फुटणारा आकडा हवा असेल तर १ जितक्या वेळा लिहायचा ती संख्याच मूळ हवी. पण तेवढ्याने भागत नाही. १११ म्हणजे ३ × ३७. पाच वेळा १ म्हणजे ४१ × २७१, सात वेळा २३९ × ४६४९, अकरा वेळा २१६४९ × ५१३२३९. तेरा आणि सतरा वेळा लिहिलेलेही फुटतात.

१९ वेळा १ लिहा: ११,११,११,११,११,११,११,११,१११. हा फुटत नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकपासून परार्धापर्यंत १८ स्थानांची नावं दिली आहेत, हा परार्धाच्याही एक घर पुढे. हाताने तपासायचा तर सुमारे १०५ कोटींपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. थोडी सूट आहे, कारण त्याचा मूळ अवयव असलाच तर त्याला ३८ ने भागून बाकी १ उरली पाहिजे. तरी काम अफाटच. संगणक नव्हते तेव्हा, शंभरेक वर्षांपूर्वी, गणित्यांनी ते पार पाडलं. यानंतर न फुटणारा आहे तो २३ वेळा १ लिहिलेला, आणि मग थेट ३१७ वेळा.

देवळालीचे द. रा. कापरेकर मास्तर अशाच आकड्यांच्या नादी लागलेले. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटलं, ते एका रेल्वे स्टेशनावरून, आजचं डोंबिवली. दहा वेळा १ लिहून वर्ग केला तर मधोमध १० येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि उतरंड मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. मला हा मोडका वर्गच जास्त आवडतो. हातचा कुठून कुठे गेला ते त्यात उघड दिसतं.

रविवारी राशिभविष्याला अर्धं पान जातं. त्याच्या शेजारी आकड्यांसाठी चार ओळींची जागा द्यावी, एवढीच विनंती. पहिलं कोडं माझ्याकडून घ्या: १५ वेळा १ लिहिल्यावर जी संख्या होते तिच्या मूळ अवयवांपैकी कुठलेही चार, एकही भागाकार न करता, सांगा.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी, सोलापूर