भोपळा, जव आणि ती गोळी

सांगली, १४ ऑक्टोबर

चि. सईस, अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते विचारत नाही. त्या भोपळा-जवाच्या सॅलडचा फोटो मात्र चारदा मोठा करून पाहिला. खाली तू लिहिलंयस, ‘आता गोळी नको, हेच पुरे.’ लोहाच्या गोळीचा विषय काढणार नाही असं बाबांना कबूल केलंय. म्हणून भोपळ्याचंच लिहिते.

वाण चांगला निवडलास. तुझ्याच वॉल्थमचं नाव आहे त्याला, वॉल्थम बटरनट. तिथल्या शेती संशोधन केंद्रात तो तयार झाला आणि १९७० साली ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ या नव्या वाणांच्या स्पर्धेत निवडला गेला. घेताना साल मळकट पिवळी आणि निस्तेज हवी, देठ वाळलेला. चकाकी किंवा हिरव्या रेघा असल्या तर तो कोवळाच तोडलेला. चिरण्याआधी तुकडा जिभेला लावून बघ, कडू लागला तर अख्खा टाकून दे. शिजवून तो कडूपणा जात नाही, पोट बिघडतं.

भाजलेला २०० ग्रॅम घेतलास तर ८० कॅलरी, ६ ग्रॅम तंतू, ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. अ जीवनसत्त्व तर दिवसाच्या गरजेहून जास्त, पण ते अंगी लागायला तेल लागतं. तू ‘ऑइल-फ्री’ केलं होतंस. चमचाभर तेल घाल गं. त्या हिवाळ्यात रोज घारगे खाऊन तुझे तळहात पिवळे झाले होते, आजीने कावीळ म्हणून घर डोक्यावर घेतलं. डोळ्यांचं पांढरं स्वच्छ होतं, म्हणून मी निश्चिंत होते. आता फोनवर तुझे डोळे नीट दिसत नाहीत.

असो. फोटोतले जव पांढरेशुभ्र होते. ती पर्ल बार्ली, कोंडा घासून काढलेली. पाकिटावर ‘हल्ड’ लिहिलेली तपकिरी आण. ५० ग्रॅम कोरड्या दाण्यांत ६ ग्रॅम प्रथिनं आणि ८-९ ग्रॅम तंतू मिळतात. त्यातलं बीटा-ग्लुकन (पाण्यात विरघळणारे तंतू) रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल उतरतं (हे बाबांनाही वाचून दाखवलं, त्यांनी पान उलटलं). रात्री भिजत घाल, सकाळी ते पाणी ओतून टाक, तिप्पट पाण्यात ४५ ते ६० मिनिटं शिजव. निथळून ताटात पसर. ओले दाणे घातले की तासाभरात सगळ्याचा लगदा होतो.

भोपळ्याच्या फोडी पाऊण इंचाच्या, २२० अंश सेल्सिअसवर २५ ते ३० मिनिटं, मध्ये एकदा उलट. तुझ्या फोडी फिकट आणि कडेला पाणी सुटलेलं दिसलं. ट्रे खच्चून भरलास म्हणून त्या भाजण्याऐवजी वाफवल्या गेल्या. दोन ट्रे कर. साल निघत नसेल तर काट्याने टोचून दोन मिनिटं मायक्रोवेव्हला लाव. आणि चिरताना बूड आधी सपाट कापून उभा ठेव, तो घरंगळतो. सुरी तुझी बोथट आहे, मला माहीत आहे.

आता हिशोब. भोपळा आणि जव मिळून लोह जेमतेम ३ मिलिग्रॅम. तुझ्या वयाच्या बाईला तिकडे रोजचे १८ सांगतात, आणि तुझं हिमोग्लोबिन ९.४ आहे, हवं तितकं, म्हणजे १२, नाही. अर्धी वाटी शिजलेले छोले आणि ३० ग्रॅम भोपळ्याच्या बिया घातल्यास तर लोह ७-८ पर्यंत जाईल, प्रथिनं २४ ग्रॅमच्या आसपास. जवात लायसिन, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतं, ते छोले भरून काढतात. खाताना वरून लिंबू पिळ, लोह शोषायला मदत होते. जवातलं फायटेट नावाचं द्रव्य उलट लोह अडवून धरतं, भिजवल्याने थोडंच कमी होतं. चहा-कॉफी जेवणानंतर तासाभराने. उरलेलं लगेच फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपव.

म्हणजे कितीही नीट केलंस तरी ताटलीने गोळी सुटत नाही. झालं, काढलाच विषय. व्याख्यान झालं, माफ कर. परक्या देशात, तिसऱ्या मजल्यावर, ओव्हन लावून स्वतःचं करून खातेस याचं कौतुक नंदूमामासमोर मी केलंय, तुझ्यासमोर जमत नाही.

पण गोळीने पोट घट्ट होतं म्हणून सोडली असशील तर तसं सांग. याच ताटलीतले तंतू आणि भरपूर पाणी त्यालाच उपयोगी. गोळी मात्र ताटलीबरोबर नको, दुधाबरोबर तर नकोच. जेवणापासून दोन तास दूर घे. शी काळी झाली तर घाबरू नकोस, गोळीने होतेच. एकाआड एक दिवस चालेल का, ते डॉक्टरांना विचार. स्वतःच ठरवू नकोस, काकूंनी ठरवलं होतं.

बाटलीत ६० होत्या, १२ सप्टेंबरला सुरू केल्यास. किती उरल्या त्या मोजून कळव.

– आई