हिरव्या दांडीचा पाइप

काका, साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता मधे बोलता येणार नाही.

मी आयुष्यात कधी विडीसुद्धा ओढलेली नाही, आणि सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला जुना पाइप द्यायचं खूळ माझ्याच डोक्यात. बोटीवर तुमच्याबरोबर इंजिनरूममध्ये होते तेव्हापासून त्यांच्या तोंडात पाइप. हल्ली आठवड्याला एखादा, तोही सासूबाईंचा डोळा चुकवून. त्यांचा लाडका पाइप रत्नागिरीचं घर बदलताना हरवला. तो डब्लिनचा 'पीटरसन' होता, एवढंच बायकोला आठवत होतं. मी इथे लंडनमध्ये बसून ऑनलाइन एक शोधला आणि विकत घेऊनही टाकला. 45 पौंड. आरशासारखा चकचकीत. खाली लिहिलेलं : दांडीच्या जोडावर चांदीचं कडं, 1920 च्या सुमाराचा, क्वचित वापरलेला.

मग तुम्हाला फोटो पाठवले. तुमचा पहिला प्रश्न : "आतला फोटो कुठाय?" आतला नव्हताच. आठ फोटो, आठही बाहेरून.

त्यानंतरची दहा मिनिटं मी विसरणार नाही. "शिक्का वाच." वाचला : 'मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड'. "अरे, आयर्लंड प्रजासत्ताक झालं 1949 साली. हा 1920 चा कसा असेल?" मग कड्यावरच्या खुणा मोठ्या करून बघायला लावल्यात. मेंढपाळाची काठी, बसलेला कुत्रा, दगडी मनोरा. "हे निकेलच्या कड्यावरचं नक्षीकाम. चांदी असती तर बसलेली बाई, मुकुटवाली वीणा आणि वर्षाचं अक्षर असतं." शिक्क्याच्या अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या, त्यावरून तुम्ही म्हणालात की पॉलिशच्या चाकावर कुणीतरी जोर काढलाय, आणि एवढा जोर काही लपवायचं असल्याशिवाय कोणी काढत नाही.

पार्सल आलं तेव्हा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला बोथट सुरीचं टोक तंबाखू भरायच्या वाटीत दाबायला लावलंत. आतून नवाकोरा काळा लेप होता. तळाशी एका जागी टोक सहज रुतलं आणि कोळशाचा चुरा तळहातावर पडला. बाहेर त्याच जागी, पॉलिशखाली, नखाएवढा काळपट डाग. लाकूड आतून जळत जळत बाहेरपर्यंत आलं होतं. माठ घेताना आपण वाजवून बघतो, आणि मी पंचेचाळीस पौंड नुसत्या चकाकीवर मोजले होते! विकणाऱ्याने बऱ्याच घासाघिशीनंतर अर्धे परत केले.

दुसरा पाइप तुम्हीच निवडलात, आणि खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं काकांची नजर गेली. बावीस पौंड. तोंडात धरायची दांडी शेवाळलेल्या हौदासारखी हिरवट-तपकिरी, वाटीत काजळी इतकी की जेमतेम पेन्सिल जाईल, टोकावर दातांचे खड्डे. तुम्ही मात्र खूश. दांडी हिरवी म्हणजे व्हल्कनाइट, गंधक घालून कडक केलेलं रबर. उन्हाने-हवेने ते असंच होतं, घासलं की काळं. काजळीचा थर बिडाच्या तव्यासारखा, हवाच असतो, पण रुपयाच्या नाण्याएवढा. त्याहून जाड झाला की तापल्यावर फुगतो आणि वाटीला तडा देतो. म्हणून काठ बघायचा, आणि काठ शाबूत होता. एकच शंका तुम्हाला होती : कड्याखाली लाकडाला चीर असली तर कडं ती झाकून टाकतं. विकणाऱ्या आजीबाईंना मी दांडी काढून भोकाचा फोटो मागितला, पाइप क्लीनर, म्हणजे आतून साफ करायची केसाळ तार, आरपार जातो का तेही विचारलं. (पीटरसनच्या त्या घडणीत दांडीखाली ओल साठायला खळगी असते, त्यामुळे तो सरळ जात नाही हे तुम्ही आधी सांगितलं नसतंत तर मी पुन्हा घाबरलो असतो.) आजीबाईंनी चार फोटो पाठवले आणि पाइप त्यांच्या यजमानांचा होता, तेही कळवलं.

दातांचे खड्डे काढण्याचं प्रकरण आता कबूल करतो. तुम्ही म्हणाला होतात, उकळत्या पाण्यात जरा वेळ धर, व्हल्कनाइटला आपला मूळ आकार आठवतो, खड्डे आपोआप वर येतात. आले. पण मधेच ऑफिसचा फोन आला, आणि परत येऊन बघतो तर बाकदार दांडी सरळ होत चाललेली! तिला आपला त्याहूनही जुना आकार आठवला होता, वाकवण्याआधीचा. तुम्ही एवढे हसलात की काकूंना फोन घ्यावा लागला. मग आत पाइप क्लीनर घालून, पुन्हा गरम करून, कपाच्या काठावर वाकवून थंड पाण्याखाली धरली. तो बाक किंचित माझ्या हातचा आहे, फार बारकाईने बघू नका.

रत्नागिरीत सासऱ्यांनी डबी उघडली, काही न बोलता दांडी काढली, वाटी खिडकीकडे धरून आत पाहिलं, करंगळी तळाला फिरवली, कड्याखाली नख घातलं. अगदी तुमचाच क्रम. मग मला विचारलं, "हा तू नाही निवडलास. कोणी बघून दिला?"

तुमचं नाव सांगितलं. त्यांनी फोन लावायला सांगितला आणि पुढचा पाऊण तास मला काही बोलायला मिळालं नाही.

जळका पाइप अजून माझ्या टेबलावर आहे, पेनं ठेवायला बरा पडतो. तुमचा पाइप क्लीनरचा पुडाही माझ्याकडेच राहिलाय. पुढच्या रविवारी घेऊन येतो. काकूंना म्हणावं, जेवूनच जाईन.