कपाटाची ऑर्डर द्यायच्या आधी हे वाच

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज मिळाला. "किचन छोटंय, सामानाचं कपाट घ्यायचंय, बाहेर ओढायचं उंच पुल-आउट घेऊ की साधं दाराचं, शटरवालं, दोन ओळीत सांग." दोन ओळीत सांगता येईना रे, म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलो. रविवारी सुतार येणारे म्हणालास ना, त्याला माप घेऊ दे पण ऑर्डर अजून आठवडाभर देऊ नकोस, का ते सांगतो.

आधी माझं काय झालं ते ऐक. मी आधीच्या घरात उंच कपाट करून घेतलं तेव्हा ओट्याखालची कपाटं ६० सेंटीमीटर खोल होती म्हणून हेही ६० खोल केलं, एका रेषेत छान दिसतं म्हणून. आणि दिसायचंही छान. पण प्रत्येक फळीवर डब्यांच्या तीन-तीन रांगा बसायच्या, पुढची रोजच्या हाताखालची, मधली कधीतरी लागणारी, आणि मागची जी आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो. वर्षभराने सगळं बाहेर काढलं तेव्हा एकाच वस्तूची तीन फोडलेली पाकिटं निघाली, कारण दर वेळी "संपलं वाटतं" म्हणून नवीन आणलेलं, आणि मागच्या एका डब्यात कीड झालेली ती शेजारच्या चार डब्यांत पसरलेली. ते सगळं टाकून देताना फार वाईट वाटलं मला, अन्न टाकायला नको वाटतं. म्हणून तुला पहिली आणि सगळ्यात कळकळीची गोष्ट सांगतोय, फळ्यांचं कपाट असेल तर खोली ३० सेंटीमीटरच्या आसपास ठेव, ३५ म्हणजे डोक्यावरून पाणी. तीस सेंटीमीटरमध्ये मोठा डबा असेल तर एक रांग आणि छोटे असतील तर दोन, मागचा डबा पुढच्याच्या डोक्यावरून दिसतो. दार उघडलं की घरात काय आहे आणि काय संपत आलंय ते एका नजरेत कळलं पाहिजे. आणि छोट्या किचनमध्ये कपाटाची खोली अर्धी केली तर तेवढी जमीन तुला चालायला परत मिळते, हे वेगळंच.

आता आठवडा कशाला मागतोय, तर कपाटाचं माप घ्यायच्या आधी सामानाचं माप घे. खरंच सगळं बाहेर काढ, जमिनीवर मांड, आणि काय कशाबरोबर जातं ते न बघता उंचीप्रमाणे लाव. उंच बाटल्या एकीकडे, मोठे डबे एकीकडे, मधले, मग बारके. तुला दिसेल की निम्म्याहून जास्त सामान १५-२० सेंटीमीटरच्या आतलं आहे आणि खरोखर उंच वस्तू मोजून सात-आठ. सुतार मात्र सवयीने सगळ्या फळ्या सारख्या अंतरावर ठोकतो, मग बारक्या डब्यांच्या डोक्यावर नुसती हवा राहते, आणि आपण ती जागा वाया जाऊ नये म्हणून एकावर एक रचतो आणि खालचा काढायला वरचे तीन उतरवतो. त्यापेक्षा त्याला सांग फळ्या ठोकू नकोस, आतल्या बाजूंना भोकांच्या ओळी पाड आणि पिनांवर फळ्या ठेव. मॉड्युलर किचनवाले ३२ मिलिमीटर अंतराने भोकं पाडतात, पिना ५ मिलिमीटरच्या असतात, फळी हवी तेव्हा वरखाली करता येते. आज जे सामान आहे तेच पाच वर्षांनी असेल असं थोडीच आहे.

डब्यांचंही तेव्हाच ठरव, कपाट झाल्यावर नको. गोल डबा चौकोनी जागेत ठेवला की जवळजवळ २१ टक्के जागा कोपऱ्यांत जाते, हा साधा भूमितीचा हिशोब आहे, म्हणजे पाच गोल डब्यांमागे एका डब्याएवढी जागा गेली. मोठ्या घरात चालून जातं, तुझ्या किचनमध्ये नाही चालणार. चौकोनी घे, आरपार दिसणारे, घट्ट झाकणाचे. आणि घेताना किलोवर जाऊ नकोस, लिटरवर जा. एक किलो साखर साधारण सव्वा लिटरमध्ये मावते पण एक किलो पिठाला पावणेदोन लिटरच्या पुढे जागा लागते, कारण पीठ हलकं, फुललेलं असतं. डबा असा घे की पूर्ण पाकीट त्यात रिकामं होईल, नाहीतर उरलेलं पाव पाकीट रबर लावून कुठेतरी कोंबलं जातं आणि कीड तिथूनच सुरू होते. आणि नवीन माल जुन्यावर ओतू नकोस, आधीचं खाली तसंच राहतं.

बरं आता तुझा मूळ प्रश्न, पुल-आउट की शटर. पुल-आउट म्हणजे आख्खी मांडणीच बाहेर ओढायची, दोन्ही बाजूंनी हात जातो, त्यामुळे तिथे ६० खोल चाललं, मागचं काहीच लपत नाही. अरुंद फट असेल, फ्रिजशेजारी वगैरे, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण तीन गोष्टी आधी बघ. एक तर लोखंड जागा खातं. १५ सेंटीमीटर रुंदीचं युनिट घेतलंस तर दोन्ही बाजूंची १८ मिलिमीटरची प्लाय जाऊन आत ११.४ सेंटीमीटर उरतात, त्यातून चॅनल (ज्यावर मांडणी सरकते ती लोखंडी पट्टी) आणि जाळी वजा कर, बाटल्या राहतील पण डबे नाही राहणार. डबे ठेवायचे तर ३० रुंद तरी लागेल. दुसरं म्हणजे सगळं वजन दर वेळी तू ओढणार, त्यामुळे चॅनल किती किलोचा आहे ते विचार आणि भरलेल्या डब्यांचं वजन खरोखर काट्यावर करून बघ, अंदाजाने नको, आपला अंदाज नेहमी कमीच पडतो. चॅनल पूर्ण बाहेर येणारा घे, काही चॅनल पाऊणच बाहेर येतात आणि मग मागचा पाव भाग पुन्हा अंधारात. तिसरं, ५० सेंटीमीटर बाहेर आलं की समोर तू उभा राहणार कुठे? जमिनीवर खडूने आखून बघ, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मागून जायला सांग. मी हे ह्या घरात केलं आणि तेवढ्यावरच पुल-आउटचा विचार सोडला.

शटरलाही हेच लागू आहे. ६० रुंद एकच दार उघडायला समोर ६० मोकळे लागतात, त्याचीच दोन केलीस तर ३०. दाराच्या आतल्या बाजूला मसाल्यांच्या बारक्या बाटल्यांची पातळ मांडणी लावता येते, फार उपयोगी, पण मग आतल्या फळ्या तेवढ्या मागे घ्याव्या लागतात आणि दाराचं वजन वाढतं म्हणून बिजागऱ्या जास्त, हे सुताराला आधीच सांगावं लागतं. उघड्या फळ्यांचे फोटो तू पाठवलेस, दिसायला मस्त आहेत, पण तेल आणि मसाल्यांना उजेड सोसत नाही, तेल खवट होतं आणि मसाल्याचा रंग-वास जातो. दार हवंच.

फळी वाकण्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण हे कुणी सांगत नाही. तेच वजन ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर ती आठपट वाकते. आणि लांब फळीवर आपण वजनही दुप्पट ठेवतो, मग सोळापट. जाडी दुप्पट केली की मात्र आठव्या हिश्शावर येते. म्हणून ९० सेंटीमीटरची एक सलग फळी घेण्यापेक्षा मध्ये उभी पट्टी देऊन ४५-४५ चे दोन खण कर, एकदम फरक पडतो. माझी फळी ९० ची होती, दोन वर्षांत मध्ये पोट सुटलं आणि पिना उपसून आल्या. त्यात ती पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली होती, जिथे तेलाचा डबा पुसताना पाणी कडेला मुरायचं तिथे फुगली. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (तसाच, पण बारीक तंतूंचा) एकदा फुगला की परत बसत नाही. तुला जमेल तर पाणी सोसणारी प्लाय घे, आणि कुठलंही घेतलंस तरी सगळ्या कडांना पट्टी लावून घे, मागच्या न दिसणाऱ्या कडांनासुद्धा.

जागा कुठली? शेगडी-ओव्हनजवळ नको, फ्रिजची गरम हवा जिथे येते तिथे नको, आणि बाथरूमला लागून भिंत असेल तर आधी हात लावून बघ ओल आहे का. खाली दहा सेंटीमीटरचे पाय ठेव, पुसता येतं आणि पाणी सांडलं तर कपाट वाचतं. आणि उंच कपाट भिंतीला वरून पक्कं बांधून घे, हे विसरू नकोस, तुझी धाकटी चढणाऱ्या वयाची आहे, वरचे खण भरलेले असले की कपाट पुढे यायला वेळ लागत नाही. जड सामान खाली, रोजचं कमरेपासून डोळ्यांपर्यंत, अगदी वर फक्त हलकं.

तुला वाटेल हा फारच बारकाईत शिरतो. पण १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टमधल्या नवीन वसाहतींसाठी किचन डिझाइन केलं, जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं, रेल्वेच्या डब्यातल्या स्वयंपाकघरावरून कल्पना घेऊन. त्यात कोरड्या सामानासाठी ॲल्युमिनियमचे नावं लिहिलेले छोटे खण होते, मुठीला धरून बाहेर काढायचे आणि पुढच्या तोटीतून थेट भांड्यात ओतायचं. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कीड लागू नये म्हणून. दहा हजारांच्या आसपास घरांत ते किचन बसवलं गेलं. मला त्यातलं एवढंच फार आवडतं की त्या बाईंनी आधी काय ठेवायचं ते बघितलं आणि मग त्याला जागा केली.

तर माझं मत विचारशील तर, तुझ्याकडे दारामागची जी भिंत आहे ना, तिथे ३० खोल, ४५-४५ चे दोन खण, दोन शटरं, पिनांवरच्या फळ्या. आणि फ्रिजशेजारची फट ३० भरत असेल तरच तिथे पुल-आउट, नाहीतर ती फट तशीच राहू दे. ती फट मोजताना खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोज, भिंती सरळ नसतात. मापं पाठव, जमिनीवर मांडलेल्या सामानाचा फोटोही पाठव, आणि किचनचं दार आत उघडतं की बाहेर ते लिही, मला आठवत नाहीये आणि त्यावर बरंच काही अवलंबून आहे.

तुझा,
मी